एका एमआरएनएचा माग कसा काढायचा: पत्ता, तो वाचणारं प्रथिन आणि मधला प्रवास

टीवायच्या एका मुलीने प्रोजेक्टचं पहिलं टिपण माझ्या टेबलावर ठेवलं. विषय आम्ही दोघींनी मिळून ठरवला होता: सस्तन प्राण्यांच्या पेशीत संदेशवाहक आरएनए, म्हणजे एमआरएनए, जागच्या जागी कसा पोचतो आणि त्याला धरून नेणारी आरएनए-बंधक प्रथिनं काय करतात. आठ पानं, आकृत्यांसकट. वाचायला घेतलं तर सगळीकडे विषाणूंचा संसर्ग आणि पेशीमृत्यू. "टीचर, झेडबीपी१च सांगितलेलं ना तुम्ही?" सांगितलं होतं खरं. पण त्या नावाची दोन अगदी वेगळी प्रथिनं आहेत आणि डेटाबेसने तिला दुसरंच दाखवलं. चूक तिची कमी, माझी जास्त.

पुढचं सगळं त्या सेमिस्टरमधून तयार झालं आहे. लॅपटॉप, इंटरनेट, एक वही आणि तीन-चार रविवार एवढं पुरतं. प्रयोगशाळा लागत नाही. प्रयोगशाळेतून आलेला पुरावा कसा वाचायचा ते मात्र शिकावं लागतं. उदाहरण म्हणून बीटा-ॲक्टिनचा, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या एका प्रथिनाचा, एमआरएनए घ्या. या क्षेत्रात सर्वांत जास्त चाळलेला रेणू तोच.

पायरी १: न्यावं लागतंच का, हे आधी मोजा

एमआरएनए पेशीद्रवात आपोआपही भरकटत असतो. मग वाहतुकीची एवढी व्यवस्था कशाला? वहीत गणित करा. विसरणाचा, म्हणजे असं भरकटत पसरण्याचा, वेग सेकंदाला ०.१ चौरस मायक्रोमीटर धरा. सरळ रेषेतल्या भरकटण्याला लागणारा वेळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले या वेगाची दुप्पट. दहा मायक्रोमीटरला ५०० सेकंद लागतील, म्हणजे आठेक मिनिटं. साध्या गोल पेशीत एवढं चालून जातं. आता चेतापेशीच्या फांदीत एक मिलिमीटर जायचं आहे असं धरा. अंतर शंभरपट, वेळ दहा हजारपट: ५० लाख सेकंद, सुमारे ५८ दिवस. बहुतेक एमआरएनए काही तासांत मोडीत निघतात. तेच अंतर सेकंदाला एक मायक्रोमीटर चालणारं मोटर प्रथिन, म्हणजे पेशीतला ओझं वाहणारा हमाल, न थांबता गेलं तर सतरा मिनिटांत कापेल.

मग मुलं विचारतात, की तयार प्रथिनच का पाठवत नाहीत? आपल्याकडे पदेर सकाळी भाजलेला पाव घेऊन येतो, पीठ आणि पावाची कृती दारात ठेवून जात नाही. पेशी मात्र पुष्कळदा कृतीच पाठवते. एका एमआरएनएवरून कितीतरी प्रथिनं तिथल्या तिथे काढता येतात, आणि तीही गरज पडेल तेव्हा. शिवाय काही प्रथिनं वाटेत तयार होणंच धोक्याचं असतं. मायलिन बेसिक प्रोटीन पेशीपटलांना एकमेकांशी चिकटवतं. ते ऑलिगोडेंड्रोसाइटच्या, म्हणजे चेतातंतूंभोवती मायलिनचं वेष्टन घालणाऱ्या पेशीच्या, मध्यभागी तयार झालं तर भलतीच पटलं चिकटतील, म्हणून त्याचा एमआरएनए फांद्यांच्या टोकापर्यंत गप्प ठेवून न्यावा लागतो. हा "गप्प ठेवून" शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी २: केंद्रकातून बाहेर पडण्याचा नकाशा काढा

बरीच टिपणं थेट मोटर प्रथिनांपासून सुरू होतात. तसं करू नका, कारण प्रवासाची तयारी केंद्रकातच होते.

एमआरएनए लिहिला जात असतानाच त्याच्यावर प्रथिनं चढू लागतात. पुढच्या टोकाच्या टोपीवर टोपी-बंधक जोडी बसते. मधले इंट्रॉन, म्हणजे प्रथिनाच्या कृतीत न येणारे तुकडे, कापून जोड मारला की जोडाच्या २० ते २४ अक्षरं (आरएनएचे ए, यू, सी, जी हे घटक) अलीकडे एक प्रथिनगट खुणेसारखा राहतो. त्याला एक्सॉन जंक्शन कॉम्प्लेक्स म्हणतात. मागच्या टोकाला ए-अक्षरांची लांब शेपटी लागते आणि तिच्यावर वेगळी प्रथिनं येतात. ट्रेक्स नावाचा गट हे सगळं पाहून एनएक्सएफ१ आणि एनएक्सटी१ ही निर्यात-जोडी एमआरएनएला जोडून देतो. म्हणजे बाहेर पडतो तो नुसता आरएनए नव्हे, पूर्ण बांधलेलं गाठोडं.

वहीत इथे एक खूण करा. पुष्कळ प्रथिनं आणि टीआरएनए केंद्रकाच्या छिद्रातून जाताना रॅन नावाच्या प्रथिनावर अवलंबून असतात; बहुतांश एमआरएनए तसे नसतात. एनएक्सएफ१ची जोडी छिद्रातल्या फेनिलअलानीन आणि ग्लायसीनने भरलेल्या धाग्यांना धरत-सोडत पार होते. पलीकडच्या तोंडाशी डीडीएक्स१९ हे एटीपीवर चालणारं प्रथिन, ग्ले१च्या मदतीने, निर्यात-प्रथिनं उतरवून घेतं. ती उतरली की एमआरएनएला परतीची वाट नाही. परीक्षेत हा फरक विचारला की निम्मा वर्ग "रॅन" लिहून येतो.

किती वेळ लागतो, हेही मोजलेलं आहे. २०१० मध्ये डेव्हिड ग्रुनवाल्ड आणि रॉबर्ट सिंगर यांनी उंदराच्या पेशींत बीटा-ॲक्टिनचा एकेक एमआरएनए छिद्रातून जाताना पाहिला. एकूण सुमारे १८० मिलिसेकंद. त्यातला प्रत्यक्ष छिद्रातला वेळ ५ ते २० मिलिसेकंद. बाकीचा अलीकडे धक्क्याला लागण्यात आणि पलीकडे सुटण्यात गेला. माझी विद्यार्थिनी दिवाडीची. हे वाचून ती लगेच म्हणाली, "आमच्या फेरीबोटीसारखंच, टीचर." जुन्या गोव्याच्या धक्क्यावर रांगेत थांबायला जो वेळ जातो तो पाण्यावर जात नाही. उपमा चांगली आहे; फक्त फेरीबोट परतही येते, एनएक्सएफ१चा हा प्रवासी येत नाही.

कोरोनाच्या एमआरएनए लशीचं इथेच उरकून घेऊ. लशीतला एमआरएनए बाहेरून थेट पेशीद्रवात उतरतो. केंद्रकाच्या छिद्राशी त्याचं काही काम नाही.

पायरी ३: एमआरएनए उतरवून घ्या आणि त्याचे तीन तुकडे करा

एनसीबीआय या अमेरिकी जैवमाहिती केंद्राच्या संकेतस्थळावर न्यूक्लिओटाइड हा डेटाबेस निवडा आणि एनएम_००११०१ हा क्रमांक शोधा. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि अंक. माणसाच्या बीटा-ॲक्टिनचा, म्हणजे एसीटीबी जनुकाचा, एमआरएनए उघडेल. लांबी अठराशे अक्षरांच्या आसपास.

त्याच पानावर सीडीएस असं लिहिलेला भाग प्रथिनाची कृती सांगतो. ताळा करून पाहा: ॲक्टिनमध्ये ३७५ अमिनो आम्लं, प्रत्येकी तीन अक्षरं, वर थांबण्याची तीन, म्हणजे ११२८. हा आकडा जमला नाही तर तुम्ही चुकीच्या पानावर आहात. कृतीच्या आधीचा छोटा तुकडा ५ प्राइम यूटीआर. कृतीनंतरचा, सहाशेच्या आसपास अक्षरांचा, ३ प्राइम यूटीआर. पत्ता बहुतेक वेळा या मागच्या तुकड्यात असतो, म्हणून तो वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा.

दोन किरकोळ गोष्टींनी आमची एक अख्खी दुपार खाल्ली. एनसीबीआय आरएनएतल्या यूच्या जागी टी लिहितं. आणि पानावर अक्षरं दहा-दहाच्या गटात तोडलेली असतात, त्यामुळे ब्राउझरमध्ये शोध घेतला की समोर असलेली ओळही सापडत नाही. फास्टा स्वरूपात, म्हणजे सलग अक्षरांच्या साध्या फाइलमध्ये, उतरवा, वर्डमध्ये ओळी तोडणाऱ्या खुणा काढून टाका, मगच शोधा.

पायरी ४: पत्ता शोधा, आणि सापडल्यावर लगेच खूश होऊ नका

१९८६ मध्ये जीन लॉरेन्स आणि सिंगर यांनी दाखवलं, की कोंबडीच्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या) पेशींत ॲक्टिनचा एमआरएनए पेशी ज्या बाजूला सरकते तिकडच्या कडेला जमतो. १९९४ मध्ये सिंगर यांच्याच गटाने ३ प्राइम यूटीआरमधला ५४ अक्षरांचा तुकडा वेगळा काढला. तो असेल तर एमआरएनए कडेला जातो. त्याला त्यांनी झिपकोड नाव दिलं; आपण पिनकोड म्हणू.

पुढे कळलं, की वाचणारं प्रथिन या तुकड्यातल्या दोन छोट्या खुणा पकडतं. पहिली सी-जी-जी-ए-सी. तिच्यानंतर १० ते २५ अक्षरं सोडून दुसरी, चार अक्षरांची: पहिलं सी किंवा ए, मग सी, मग ए, शेवटी सी किंवा यू. दोन खुणांमधल्या आरएनएचा फास तयार होतो आणि प्रथिनाचे दोन हात त्याच्या दोन बाजू धरतात.

आता तुमच्या फाइलमध्ये शोधा. कृती संपते त्या टी-ए-जीनंतर एक जी सोडला की लगेच सी-जी-जी-ए-सी दिसेल. मग सतरा अक्षरं मोजा. पुढे ए-सी-ए-सी. दोन्ही खुणा, योग्य अंतरावर, योग्य तुकड्यात. माझी विद्यार्थिनी खुर्चीतून उठलीच होती.

तिला परत बसवलं आणि गणित करायला लावलं. पाच अक्षरांची एखादी ठरावीक खूण निव्वळ योगायोगाने सरासरी १०२४ अक्षरांत एकदा येते. सहाशे अक्षरांच्या तुकड्यात ती असण्याची अपेक्षा ०.६. दुसऱ्या खुणेत दोन जागी दोन-दोन पर्याय चालतात, म्हणून तिची शक्यता एका जागी ६४ मध्ये एक. १० ते २५ या सोळा जागा धरल्या तर ०.२५. गुणाकार ०.१५. म्हणजे डोळे मिटून लिहिलेल्या सहाशे अक्षरांच्या सहा-सात तुकड्यांमागे एकात हा "पत्ता" आपोआप सापडेल! ४०३ पाहून पत्र गोव्याचं आहे एवढं कळतं, वाडा कळत नाही.

बीटा-ॲक्टिनच्या बाबतीत आपण विश्वास ठेवतो तो अक्षरं जुळली म्हणून नव्हे, प्रयोगात तो तुकडा बिघडवल्यावर एमआरएनए भरकटला म्हणून. तुम्ही दुसरा एखादा एमआरएनए निवडलात आणि त्यात खूण सापडली, तर अहवालात "पत्ता सापडला" असं लिहू नका. "पत्त्यासारखा क्रम दिसला" असं लिहा.

आणखी एक सवय लावा: एकाच जनुकाचे ३ प्राइम यूटीआर एकापेक्षा जास्त लांबीचे असू शकतात. बीडीएनएफ या जनुकाचा आखूड शेपटीचा एमआरएनए चेतापेशीच्या मुख्य भागात राहतो, लांब शेपटीचा फांद्यांत जातो. प्रथिन तेच. तेव्हा कोणती आवृत्ती उतरवली तिचा पूर्ण क्रमांक, टिंबापुढच्या आकड्यासह, वहीत टिपून ठेवा.

पायरी ५: पत्ता वाचणारं प्रथिन शोधा, योग्य नावाने

पिनकोड वाचणारं प्रथिन १९९७ मध्ये हाती लागलं. झिपकोड-बंधक प्रथिन १, म्हणून झेडबीपी१. आज डेटाबेसमध्ये झेडबीपी१ म्हणून शोधाल तर झेड-डीएनए-बंधक प्रथिन १ येईल. ते विषाणूची चाहूल घेतं आणि पेशीला मरणाकडे ढकलतं. आपल्याला हवं असलेलं अधिकृतपणे आयजीएफ२बीपी१ या नावाखाली आहे. जुन्या लेखांत आयएमपी१ हेही नाव भेटेल. कुठलंही आरएनए-बंधक प्रथिन शोधताना आधी युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसवर जाऊन त्याची सगळी नावं एका ओळीत लिहून घ्या. आठ पानं फुकट जाणार नाहीत.

युनिप्रॉटवर आयजीएफ२बीपी१चं माणसातलं पान उघडा: ५७७ अमिनो आम्लं. डोमेनच्या भागात दोन आरआरएम आणि चार केएच दिसतील. हे प्रथिनाचे आरएनए धरणारे हात. आरआरएम साधारण नव्वद अमिनो आम्लांचा, केएच सत्तरच्या आसपास. एकटा हात चार-पाच अक्षरंच पकडतो आणि पकड सैल असते. म्हणून अशी प्रथिनं अनेक हात वापरतात. पिनकोड वाचणारे हात तिसरा आणि चौथा केएच. चौथी पायरी नीट केली असेल तर दोन खुणा का लागतात ते इथे आपोआप उलगडेल.

पायरी ६: ते प्रथिन तुमच्या पेशीत आहे का?

ही पायरी गाळली जाते आणि तिथेच अहवाल कोसळतो. आयजीएफ२बीपी१ गर्भावस्थेत भरपूर असतं, प्रौढ ऊतींत बहुतेक ठिकाणी फार कमी, आणि काही कर्करोगांत पुन्हा डोकं वर काढतं. ह्यूमन प्रोटीन ॲटलसवर ऊतींनुसार आकडे पाहा आणि तुम्ही ज्या पेशीबद्दल लिहीत आहात तिच्यासमोर खूण करा. पत्ता एमआरएनएत लिहिलेला असूनही वाचणारा घरात नसेल, तर ते पत्र पडूनच राहणार किंवा दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार. आयजीएफ२बीपी२ हे त्याचं भावंड प्रौढ ऊतींत जास्त दिसतं, तेही पाहून ठेवा.

पायरी ७: स्पर्शाचा पुरावा वेगळा, प्रवासाचा वेगळा

प्रथिन आरएनएला खरोखर धरतं का, हे क्लिप या पद्धतीने कळतं. जिवंत पेशींवर २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकतात. जिथे प्रथिन आरएनएला टेकलेलं असतं तिथे दोघं कायमचे जोडले जातात. मग प्रथिन ओढून काढतात आणि त्याला चिकटलेली अक्षरं वाचतात. एन्कोड प्रकल्पात अशा दीडशे प्रथिनांची माहिती खुली आहे. पण ती दोन पेशीवंशांतली: के५६२ हा रक्ताच्या कर्करोगाचा, हेपजी२ यकृताच्या. चेतापेशीच्या फांद्या दोघांनाही नाहीत. स्पर्श दिसला म्हणून प्रवास सिद्ध होत नाही.

एमआरएनए कुठे आहे हे पाहायला एकरेणू फिश वापरतात: वीसेक अक्षरांचे सुमारे ४८ चकाकणारे तुकडे एकाच एमआरएनएवर ओळीने बसवले की तो एक ठिपका होऊन दिसतो. पेशी मात्र मारून स्थिर केलेली असते, म्हणजे हा फोटो. चालता एमआरएनए पाहायचा तर एमएस२ पद्धत: एमआरएनएत एका जिवाणू-विषाणूची वळणं घालायची आणि ती ओळखणारं चमकणारं प्रथिन पेशीत सोडायचं. १९९८ मध्ये यीस्टमध्ये हे जमलं, आणि २०१४ मध्ये असा उंदीर जाहीर झाला ज्याच्या प्रत्येक बीटा-ॲक्टिन एमआरएनएवर ही खूण होती.

वहीत दोन रकाने करा, "धरतो" आणि "नेतो". लेखातली प्रत्येक आकृती कुठल्या रकान्यात जाते ते ठरवा. पहिला किती भरतो आणि दुसरा किती रिकामा राहतो ते पाहून दचकायला होतं.

पायरी ८: गाडी कोणती

सूक्ष्मनलिका हे रूळ. कायनेसिन बहुतेक वेळा रुळाच्या धन टोकाकडे चालतं, डायनीन ऋण टोकाकडे. अक्षतंतूत सगळे रूळ एकाच दिशेने मांडलेले असतात, पण सस्तन प्राण्यांच्या चेतापेशीच्या डेंड्राइटमध्ये, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्यांत, दोन्ही दिशांचे मिसळलेले. म्हणून तिथे एमआरएनएचे कण पुढे जातात, थांबतात, मागे येतात, पुन्हा पुढे जातात. गोंधळ वाटतो, पण जास्त जागा धुंडाळण्याची ती रीतही असू शकते.

२००४ मध्ये नोबुताका हिरोकावा यांच्या गटाने केआयएफ५ या कायनेसिनची शेपटी गळासारखी वापरून उंदराच्या मेंदूतून मोठे कण बाहेर ओढले. त्यांत ४२ प्रथिनं निघाली, एफएमआरपी आणि स्टॉफेन या आरएनए-बंधक प्रथिनांसह. एमआरएनए एकटा प्रवास करत नाही, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही.

बीटा-ॲक्टिनबद्दल मात्र एकाच गाडीवर पैज लावू नका. २०२० मध्ये शुद्ध केलेले घटक एकत्र करून दाखवलं गेलं, की एपीसी हे वेगळंच आरएनए-बंधक प्रथिन केआयएफ३ कायनेसिनला जोडून घेऊन बीटा-ॲक्टिनचा एमआरएनए वाहून नेऊ शकतं. काही कणांना तर स्वतःची गाडीच नसते: ॲनेक्झिन ए११ त्यांना जाणाऱ्या लायसोसोमला बांधतं आणि ते लिफ्ट घेतात.

पायरी ९: वाटेत गप्प, मुक्कामी बोलका

मला विचाराल तर आरएनए-बंधक प्रथिनाचं मोठं काम ओढणं नाहीच. ओढायला मोटर आहे. त्याचं काम गाठोडं बंद ठेवण्याचं. आयजीएफ२बीपी१ एमआरएनएवर बसलेलं असताना रायबोसोमला प्रथिन बनवायला सुरुवात करता येत नाही. कडेला पोचल्यावर तिथल्या पटलाजवळ वावरणारं सार्क हे किनेज त्याच्या ३९६ क्रमांकाच्या टायरोसीनवर फॉस्फेट चिकटवतं. पकड सुटते आणि ॲक्टिन तयार होऊ लागतं. हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. कुलपाची किल्ली मुक्कामाच्या गावीच ठेवलेली, अशी ही सोय आहे.

हीच पायरी बिघडली तर काय होतं, ते एफएमआरपीवरून कळतं. एफएमआर१ जनुकात सी-जी-जीची पुनरावृत्ती २०० च्या वर गेली की जनुक सहसा बंद पडतं, एफएमआरपी तयार होत नाही, चेतासंधींजवळच्या प्रथिननिर्मितीवरचा ब्रेक ढिला पडतो. त्यातून फ्रॅजाइल एक्स हा बौद्धिक अक्षमतेचा आनुवंशिक आजार. इथे एमआरएनए पोचण्यापेक्षा तो वेळेआधी बोलणं हा दोष जास्त ठळक आहे.

पायरी १०: तुलनेला गॅमा-ॲक्टिन घ्या

आता याच सगळ्या पायऱ्या एसीटीजी१, म्हणजे गॅमा-ॲक्टिनवर करा. प्रथिन तेवढ्याच ३७५ अमिनो आम्लांचं, बीटाहून फक्त चार जागी वेगळं. पण वाढत्या चेतापेशींत बीटाचा एमआरएनए टोकाच्या वर्धनशंकूपर्यंत जातो आणि गॅमाचा पेशीच्या मुख्य भागातच थांबतो. कृती जवळजवळ सारखी असल्यामुळे फरक कुठे शोधायचा हे उघड आहे. दोन्हींचे ३ प्राइम यूटीआर शेजारी-शेजारी ठेवा आणि चौथ्या पायरीतला शोध, योगायोगाच्या गणितासकट, गॅमासाठी पुन्हा करा.

अहवालात तक्ता एकच ठेवा, पाच रकान्यांचा: विधान, पुराव्याची पद्धत, प्राणी, पेशी, आणि धरतो की नेतो. प्राण्याचा रकाना भरताना जपून, कारण ५४ अक्षरांचा पिनकोड कोंबडीचा आहे, छिद्रातली वेळ उंदराच्या पेशीतली, आणि तुम्ही उतरवलेला क्रम माणसाचा. माझ्या विद्यार्थिनीच्या तक्त्यात शेवटी एकोणीस ओळी झाल्या. पहिल्या ओळीत तिने जुन्या आठ पानांचं शीर्षक लिहिलं होतं आणि समोर, पेशीच्या रकान्यात, "प्रथिनच चुकीचं".